एक मरण आणि चौतीस वर्षं

हॅरिएट न्यूवेल भारतात दोन महिनेही राहिली नाही. ९ फेब्रुवारी १८१२ ला तिचं सॅम्युएल न्यूवेल या तरुण मिशनऱ्याशी लग्न झालं. हळद उतरायच्या आत म्हणावं तसं, दहा दिवसांत नवरा-बायको अमेरिकेतल्या सेलम बंदरातून ‘कॅरव्हॅन’ जहाजात बसली आणि जूनमध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना उभंसुद्धा राहू दिलं नाही. कंपनीला मिशनरी नको होते, आणि त्याच महिन्यात अमेरिका व इंग्लंड यांच्यात युद्ध पेटल्यामुळे अमेरिकन तर नकोच नको होते. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरी यांच्याकडे थोडे दिवस काढून ती दोघं मॉरिशसच्या वाटेला लागली. हॅरिएट गरोदर होती. जहाजातच तिला मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. मागोमाग क्षयाने तिलाही गाठलं. ३० नोव्हेंबरला पोर्ट लुई इथे ती वारली, तेव्हा तिचं वय एकोणीस होतं.

तिने शाळा काढली नाही, दवाखाना चालवला नाही, इथली एकही भाषा तिला येत नव्हती. ज्या कामासाठी ती घर सोडून निघाली होती ते काम तिला एक दिवसही करता आलं नाही. तरीही पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांत तिचं नाव देवघरातल्या नावासारखं घेतलं जात होतं. लिओनार्ड वूड्स या धर्मोपदेशकाने तिच्या गावी तिच्यावर प्रवचन केलं, त्याला तिची पत्रं आणि डायरी जोडून १८१४ मध्ये पुस्तक निघालं, आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. लोक पोटच्या मुलींची नावं हॅरिएट न्यूवेल ठेवू लागले. तिचं चरित्र वाचून किती तरी मुलींच्या मनात परदेशी जाण्याचं आलं.

तिचा नवरा पुढे सिंहलद्वीप करून मुंबईला आला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे त्याचे सोबती १८१३ मध्येच तिथे पोचले होते. त्यांनी मांडलेल्या कामाला पुढे आपण ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणू लागलो. सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेला, गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीनेच गेला. म्हणजे मराठी मुलखातल्या या मिशनच्या पहिल्या पानावर मरणंच मरणं आहेत, आणि त्यांतलं सर्वांत गाजलेलं मरण मराठी मुलूख कधी न पाहिलेल्या एका मुलीचं आहे.

आता दुसरी बाई. सिंथिया फरार. जन्म १७९५, न्यू हॅम्पशायरमधलं मार्लबरो गाव. पेशाने शिक्षिका. मुंबईच्या मिशनने १८२४ पासून मुलींच्या शाळा सुरू केल्या होत्या आणि त्या बघायला कोणी तरी पूर्णवेळ बाई पाठवा अशी मागणी केली होती. मिशनऱ्यांच्या बायकांना ते जमत नव्हतं. बाळंतपणं, आजारपणं आणि अंत्यविधी यांतून त्यांना सवड कुठली. म्हणून मिशनऱ्यांना परदेशी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाने ही बिनलग्नाची बाई पाठवली. तोवर अमेरिकन बोर्डाने एकट्या बाईला परदेशी धाडल्याचं फारसं उदाहरण नव्हतं. पाच वर्षांपूर्वी बेट्सी स्टॉकटन नावाची गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय शिक्षिका हवाई बेटांवर गेली होती, एवढंच. १८२७ च्या डिसेंबर अखेरीस मिस फरार मुंबईत उतरल्या. दहा वर्षांनी तब्येत ढासळली म्हणून त्या मायदेशी गेल्या, आणि लोक समजले की आता संपलं. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या. या खेपेला अहमदनगरला. तिथून त्या पुन्हा हलल्या नाहीत. २५ जानेवारी १८६२ ला नगरलाच त्यांचा देह पडला.

मुंबईत पाय ठेवल्यापासून चौतीस वर्षं झाली होती. मधली दोनेक वर्षं सोडली तर सगळी मुलींना अक्षरओळख करून देण्यात गेलेली.

त्यांच्यावर प्रवचनाचं पुस्तक निघालं नाही. याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे आणि ते कुणी फारसं बोलून दाखवत नाही. मिशनरी बायकांची चरित्रं लिहीत कोण? नवरे, नाही तर नवऱ्यांचे मित्र. मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या मार्गारेट विल्सन १८३५ मध्ये गेल्या, तर त्यांचे पती डॉ. जॉन विल्सन यांनी तीन वर्षांत त्यांचं जाडजूड चरित्र छापलं. मिस फरार यांच्यामागे कागदपत्रं गोळा करून बसणारा विधुर नव्हता. शिवाय त्यांच्या आयुष्यात प्रवचनाला लागणारा मालही नव्हता. हॅरिएटच्या गोष्टीत समुद्र आहे, वादळ आहे, तान्ही मुलगी आहे, कोवळं वय आहे. मिस फरार यांच्या गोष्टीत हजेरी आहे.

आणि हजेरी हा त्या काळच्या मुलींच्या शाळेतला सर्वांत अवघड विषय होता. मिशनच्या शाळांवर शिकवायला बहुतेक ठिकाणी हिंदू पंतोजीच असत. ख्रिस्ती शिक्षक आणायचे कुठून? पंतोजीचा पगार किती पोरं बसली यावर ठरे, त्यामुळे तो पोरं गोळा करी, आणि तपासणीच्या दिवशी जरा जास्तच गोळा करी. मुली येत त्या बहुधा खालच्या मानलेल्या जातींतल्या. बाराखडी, थोडी बेरीज-वजाबाकी, शिवणकाम आणि येशूच्या गोष्टी, हा अभ्यास. एखादी पोर वाचायला लागली रे लागली की तिचं लग्न ठरे आणि पाटी सुटे. पुन्हा नव्या पोरीपासून सुरुवात. त्यात गावात एखाद्याने बाप्तिस्मा घेतला की दुसऱ्या दिवशी शाळा ओस. मग महिना-दोन महिने दारोदार फिरून पोरी परत आणायच्या. हे एकदा करणं सोपं आहे. तीस वर्षं करणं याला काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यासाठी पोर्ट लुईच्या त्या मुलीपेक्षा कमी श्रद्धा लागत असेल असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. श्रद्धेसाठी परमुलखात मेलेल्या बाईची आठवण काढताना आपण तिच्या मरणाचं माप काढत बसतो, आणि तिथे राहण्याचं माप काढायला आपल्याकडे काही साधनच नसतं. हे माप फक्त अमेरिकन भाविकांचं नाही. ते आपलंही आहे, आणि त्यामुळे आपण माणसं चुकीच्या कारणांसाठी लक्षात ठेवतो किंवा चुकीच्या कारणांसाठी विसरतो.

ज्या १८६२ सालच्या जानेवारीत मिस फरार नगरला गेल्या, त्याच साली ८ जूनला रोममध्ये पोप नववे पायस यांनी वसईच्या एका माणसाला संतपद दिलं. गोन्सालो गार्सिया. आई इथली, बाप पोर्तुगीज. व्यापारासाठी जपानला गेला, तिथली भाषा उत्तम शिकला, मनिलाला फ्रान्सिस्कन पंथात ब्रदर झाला, दुभाषा म्हणून जपानला परतला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. वसईकर ख्रिस्ती समाज त्याला आपला म्हणतो आणि त्यात काहीच वावगं नाही. मरण समोर दिसत असताना माघार न घेणं ही मामुली गोष्ट नव्हे. मिस फरार प्रॉटेस्टंट, त्यांच्या पंथात असं संतपद देण्याची रीतच नाही, तेव्हा या दोघांची तुलना तशी फसवीच. तरी एक प्रश्न उरतो: गोन्सालोने जपानमध्ये भाषेवर जी मेहनत घेतली, वर्षानुवर्षं त्या लोकांत वावरून त्यांचा विश्वास मिळवला, ती मेहनत भाल्याच्या दोन घावांनी मोठी झाली की आधीच मोठी होती?

हौतात्म्य ठरवण्याची कॅथलिक चर्चची पद्धत पाहिली तर हा प्रश्न आणखी बोचतो. एखादी व्यक्ती श्रद्धेच्या द्वेषापोटी मारली गेली हे सिद्ध व्हावं लागतं. म्हणजे चौकशी कुणाच्या मनाची? मारणाऱ्याच्या! इंदूरजवळच्या उदयनगर भागात काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचं पाहा. केरळहून आलेल्या, आदिवासींमध्ये बचत, कर्ज, जमिनीचे हक्क या गोष्टींवर काम करणाऱ्या. सावकारांच्या डोळ्यांत त्या खुपत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या बसमध्ये त्यांच्यावर वार झाले. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला त्यांना ‘धन्य’ म्हणून जाहीर केलं गेलं. त्यांच्या घरच्यांनी मारेकऱ्याला माफ केलं, त्यांच्या धाकट्या बहिणीने त्याला राखी बांधली, हे सगळ्यांनी वाचलं आहे. पण सावकाराचा राग हा पैशाचा होता की धर्माचा, या प्रश्नावर त्या बाईचं मोठेपण टांगून ठेवण्यात काय हशील? आदिवासींच्या उंबऱ्यात बसून हिशेब समजावणं हीच त्यांची श्रद्धा होती. बसमध्ये सुरी चालली नसती तर ती श्रद्धा कमी भरली असती का?

चर्चला हे सुचलेलं नाही असं नाही. २०१७ च्याच जुलैत पोप फ्रान्सिस यांनी संतपदाकडे जाणारी एक नवी वाट मोकळी केली. दुसऱ्यासाठी आपणहून जीव धोक्यात घालून, त्यातच मरण आलेल्या माणसांसाठीही वेगळी तरतूद झाली. मारेकरी लागत नाही. मला ही बातमी वाचून पहिली आठवण झाली ती सावित्रीबाई फुल्यांची, आणि ख्रिस्ती संतपदाच्या नियमात सावित्रीबाईंना बसवायचा माझा मुळीच इरादा नाही. पण १० मार्च १८९७ ला पुण्यात त्या गेल्या त्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना. असं मरण त्यांच्या वाट्याला आलं नसतं, म्हातारपणी अंथरुणात त्या शांतपणे गेल्या असत्या, तर आपण ३ जानेवारीला त्यांचा जन्मदिवस कमी मनाने साजरा केला असता काय? नाही. कारण त्यांच्या बाबतीत तरी आपल्याला शाळा आधी आठवते आणि प्लेग नंतर.

खरं सांगायचं तर आमच्या मराठवाड्याला ही रीत शिकवायची गरज नाही. संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथषष्ठी भरते. तो दिवस एकनाथांनी गोदावरीत देह ठेवल्याचा. लाखभर माणूस येतो तो त्यांच्या पुण्यतिथीला. पण त्या गर्दीतल्या कुणालाही विचारा, तो जलसमाधीची गोष्ट सांगणार नाही. तो सांगेल ती वाळवंटात तापल्या वाळूवर रडणारं महाराचं पोर कडेवर उचलल्याची, श्राद्धाचं अन्न आधी महारांना वाढल्याची, काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केल्याची. तिथी मरणाची, गोष्टी जगण्याच्या. आणि परका माणूस कामावरून लक्षात ठेवायचा म्हटलं तर संभाजीनगरचा संस्थापकच हबसाणातून गुलाम म्हणून आलेला. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला शहर वसवलं, नहर आणली. तो १६२६ मध्ये गेला, त्याची कबर खुलताबादेत आहे. तो कसा मेला हे शहरात कुणाला ठाऊक नसतं. नहरीचं पाणी मात्र पिढ्यानपिढ्या लोक प्यायले.

मग मिशनरी बाईच्या बाबतीत आपलं असं का होतं? मराठीत तिच्या आठवणीच्या दोन ठरलेल्या तऱ्हा झाल्या आहेत. एका तऱ्हेत ती समाजसुधारक होते. तिने शाळा काढली, रोग्यांची सेवा केली, स्त्रीशिक्षणाचा पाया घातला. येशूचं नाव मात्र अलगद गाळायचं, जणू ती धर्माची बाब तिच्या हातून चुकून झाली होती. दुसऱ्या तऱ्हेत शाळा हे नुसतं आमिष आणि ती धर्मांतराची दलाल. पहिली तऱ्हा भिडस्त आहे, दुसरी रागीट. दोन्हींना ती बाई नको असते. एकीला तिचं काम हवं असतं, दुसरीला तिचा गुन्हा.

मी ख्रिस्ती नाही, आणि मिस फरार कशासाठी आल्या होत्या याबद्दल माझ्या मनात संशय नाही. त्या लोकांना ख्रिस्ती करायला आल्या होत्या. मुलींना वाचता आलं पाहिजे, कारण बायबल वाचता आलं पाहिजे. त्यांच्या मंडळींचा हिशेब इतका सरळ होता. त्यांना पाठवणाऱ्या बोर्डाच्या अहवालांत आपल्या आजी-पणज्यांना ‘हीदन’ म्हटलेलं आहे, आपल्या देवांची टवाळी आहे, इथल्या घरांत काही चांगलं असू शकतं याचा मागमूस क्वचित आहे. ते वाचताना आजही राग येतो, आणि तो यावा. त्या काळच्या मराठी माणसांनाही तो आलाच होता. मोरभट दांडेकर १८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सनशी भर सभेत वादाला उभे राहिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांना उत्तरं देत होते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांच्या पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपतही मिशनकडे गेला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. श्रीपतला परत आणून शुद्ध करून घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. मिशनऱ्यांसमोर मराठी समाज मुका बसला होता हे चित्र खोटं आहे. तो भांडला, छापून भांडला, आणि भांडता भांडता पुष्कळ काही उचललंही.

साम्राज्याचा मुद्दाही टाळता येणार नाही. कंपनीने १८१२ मध्ये हॅरिएटला हाकललं हे खरं. १८१३ च्या सनदेनंतर दार उघडलं आणि पुढे मिशनची घरं गोऱ्या सत्तेच्या सावलीत सुखाने उभी राहिली हेही खरं. नगरचा कलेक्टर मिशनच्या बाईकडे चहाला येत असेल, तर गावातल्या लोकांनी शाळेकडे त्याच नजरेने पाहिलं यात त्यांचं काय चुकलं?

हे सगळं मान्य करूनच पुढची गोष्ट सांगण्यात अर्थ आहे. १८४८ मध्ये पुण्याचा एक तरुण नगरला गेला. त्याचे मित्र सदाशिव गोवंडे तिथे नोकरीला होते. तरुणाचं नाव जोतीराव फुले. तो स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला होता, म्हणजे मिशनऱ्यांचं त्याला अप्रूप नव्हतं आणि त्यांची तऱ्हा त्याला चांगली ठाऊक होती. नगरमध्ये त्याने मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. परत पुण्याला आला आणि त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचं शिक्षण घेतल्याचं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे.

त्या भेटीत नेमकं काय बोलणं झालं असेल याची कल्पना करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. एवढं मात्र दिसतं की मिस फरार यांच्या हिशेबाने ही भेट तोट्याची होती. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. सावित्रीबाई झाल्या नाहीत. जोतीरावांनी आयुष्याच्या शेवटी सार्वजनिक सत्यधर्म मांडला, तो मिशनचा धर्म नव्हता. त्यांनी शाळा घेतली आणि बाप्तिस्मा तिथेच ठेवला. वर त्या शाळेत अशा मुली शिकल्या की ज्या धर्मालाच प्रश्न विचारू लागल्या. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे चौदा वर्षांची असताना मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला जातो. हे ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ मध्ये नगरच्या मिशनने सुरू केलेलं. म्हणजे धर्मप्रचारासाठी काढलेल्या छापखान्याच्या दारातून मांगाच्या मुलीचा आवाज बाहेर पडला.

मिस फरार यांच्या श्रद्धेचं सर्वांत टिकाऊ फळ त्यांचा धर्म न स्वीकारलेल्या माणसांच्या हाती लागलं. मला वाटतं, त्यांना आठवायचं तर हे पुरतं पचवून आठवायला हवं. त्यांची श्रद्धा गाळली तर त्या नगरला आल्याच कशा याचं उत्तर उरत नाही. चौतीस वर्षं पगारासाठी कुणी असं राहत नाही. राहिलंच तर १८३७ मध्ये एकदा सुटल्यावर परत येत नाही. आणि नुसतं धर्मांतराचं गणित मांडलं तर भिडेवाडा त्या गणितात कुठेच बसत नाही. माणूस ज्या कारणासाठी येतो आणि त्याच्या येण्यातून जे घडतं, यांचा मेळ इतिहास नेहमी घालून देत नाही. आपण तो जबरदस्तीने घालायला जातो आणि मग वरच्या दोन तऱ्हांपैकी एका तऱ्हेत अडकतो.

या वादात आमच्या भागातली एक गोष्ट नेहमी हरवते. मिशनरी म्हटलं की डोळ्यांसमोर गोरा चेहराच येतो. पण इथे राहून गेलेल्यांत इथलेही होते. वर ज्यांचा उल्लेख आला त्या नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याला आपलं काम उभं केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं, त्यात मांग-महारांची घरं बसवली. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक वर्षं सांभाळलं ते रतनजी नवरोजी या पारशी घरातून ख्रिस्ती झालेल्या माणसाने. या दोघांनाही कुणी मारलं नाही. आपल्या घरादाराला, जातगंगेला ते जिवंतपणीच मेले होते, हे वेगळं. त्या काळी बाप्तिस्मा घेतलेल्या मुलाच्या नावाने घरचे घटस्फोट करीत, म्हणजे जिवंत माणसाच्या नावाने मडकं फोडून त्याचं क्रियाकर्म उरकत. परमुलखात मरण्यासाठी बोटीत बसावं लागत नाही.

आणि मराठवाड्यातला आजचा ख्रिस्ती माणूस बहुतेक करून त्याच मांग-महार वस्त्यांतून आलेला आहे. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये वेगळा झाला, प्रॉटेस्टंट मंडळ्या त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. खेड्यात त्या माणसाला जात चुकलेली नाही. पाणवठ्यावर, स्मशानात, सोयरिकीत ती हजर असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती मात्र त्याला मिळत नाहीत, कारण कागदावर तो ख्रिस्ती आहे. त्या आदेशात पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना जागा मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. मिशनऱ्याची आठवण जेव्हा नुसती भांडणाची होते तेव्हा तिची किंमत नगरच्या थडग्यातल्या बाईला मोजावी लागत नाही, वैजापूर-गंगापूरकडच्या एखाद्या वस्तीवरच्या या माणसाला मोजावी लागते. नाताळला त्याच्या दारावरचा चांदणीचा कंदील गावाला चालतो. त्याच्या घरी प्रार्थनेला चार माणसं जमली की चौकशी होते. हुतात्म्यांच्या गोष्टींनी त्याचं भागत नाही. उलट, मरणाच्या गोष्टींनी तो आणखी परका होतो: कुणासाठी तरी, कुठल्या तरी दूरच्या धर्मासाठी जीव देणाऱ्यांच्या टोळीतला. राहण्याच्या गोष्टी सांगितल्या तर निदान हे दिसतं की तो इथलाच आहे आणि त्याची आजी ज्या शाळेत बसली ती शाळाही इथलीच होती.

मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला जीपमध्ये जाळली गेली. ती बातमी जगभर गेली, जायलाच हवी होती. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स त्यानंतर पाच वर्षं ओडिशातच, बारीपाद्यात राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम बघत. त्यांना २००५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आज कुणाला विचारलं तर जळालेली जीप आठवते, त्या पाच वर्षांबद्दल कुणी दोन वाक्यं सांगू शकत नाही. मला विचाराल तर नवरा आणि पोरं गेलेल्या बाईने बारीपाद्यात रोज सकाळी उठून जखमा बांधणं हा त्या कहाणीचा मुख्य भाग आहे.

हॅरिएटवर मी अन्याय करतो आहे असं कुणाला वाटेल. तिला जगायला मिळालं असतं तर ती काय झाली असती हे कोण सांगणार? कदाचित नवऱ्याबरोबर मुंबईला आली असती आणि सिंथिया फरार यांच्या कितीतरी वर्षं आधी गिरगावात मुलींची शाळा काढून बसली असती. तिचं मरण मोठं करून सांगणाऱ्यांनीच तिच्याकडून ते जगणं दुसऱ्यांदा काढून घेतलं. तिच्या पुस्तकाने स्फूर्ती घेऊन निघालेल्या मुलींना कुणी हे सांगितलं नसेल की तिकडे गेल्यावर मरणापेक्षा जास्त काळ पंतोजीच्या हजेरीपटाशी झगडावं लागेल.

जोतीरावांनी मात्र ही आठवण अगदी नीट ठेवली, आणि तीही वेळेवर. १८५३ च्या सप्टेंबरात ‘ज्ञानोदय’मध्ये आपल्या शाळांबद्दल सांगताना त्यांनी स्पष्ट नोंदवलं की मुलींच्या शिक्षणाकडे आपलं लक्ष गेलं ते नगरला मिस फरार यांच्या शाळा पाहून. धर्माची स्तुती नाही, निंदा नाही. कुणाकडून काय घेतलं तेवढं नावानिशी सांगितलं. तेव्हा मिस फरार हयात होत्या, नगरमध्येच होत्या, आणि त्यांच्या शाळांची अजून आठ वर्षं बाकी होती.